वीज, गॅस, पाणी : दाद कुठे मागायची?

गणपती तोंडावर आले की या पानाकडे येणाऱ्या पत्रांचा ओघ वाढतो. चाकरमानी गावचं घर उघडतात आणि दाराखालून सरकवलेली महिनोन्‌महिन्यांची बिलं एकदम हातात येतात. यंदाही निम्म्याहून जास्त पत्रं विजेची आहेत. माझी नोकरी जिल्हा ग्राहक आयोगाच्या आवक टेबलावर झाली. माणसं खरी तक्रार घेऊन चुकीच्या दारात उभी राहतात आणि त्यात मुदत निघून जाते, हे तिथे रोज दिसायचं. म्हणून उत्तर लिहिताना कागद कोणत्या टेबलावर जायला हवा आणि किती दिवसांत, हे मी आधी बघते.

प्रश्न : आमचं घर राजापूर तालुक्यात आहे, आम्ही डोंबिवलीला राहतो. गेल्या गणपतीनंतर घर बंद होतं, मे महिन्यात सगळी भावंडं येऊन राहून गेलो. आठ महिने दरमहा ३० युनिटचं बिल येत होतं, ते आम्ही भरलं. जूनमध्ये एकदम ४३६ युनिटचं बिल आलं. फोन केला तर ‘आधी भरा, मग बघू’ असं सांगतात. नाही भरलं तर लाईट तोडतील का? मीटर अजून वडिलांच्या नावावर आहे, ते आता नाहीत. मला तक्रार करता येते का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : भाऊ, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्यापायीच बरेच लोक गप्प बसतात. हो, तुम्हाला तक्रार करता येते. वीज कायदा २००३ प्रमाणे ज्याच्या जागेला वीजजोडणी आहे तोही ग्राहकच. मृत्यूचा दाखला आणि तुम्ही वारस असल्याचा एखादा कागद अर्जाला जोडा. नाव बदलून घेण्याचं काम मात्र या फेरीतच उरका. आपल्याकडे घरं सामायिक असतात, भावंडं पुणे-मुंबईला पांगलेली असतात. गणपतीत सगळे एका छपराखाली येतात, संमतीच्या सह्या तेव्हाच मिळतात. नंतर एका सहीसाठी वर्ष जातं.

आता बिल. त्यावर मागील रीडिंग आणि चालू रीडिंग असे दोन आकडे असतात, आणि रीडिंगचा शेराही असतो. आधीच्या आठ बिलांवर बहुतेक ‘लॉक’ किंवा तशाच अर्थाचं काहीतरी छापलेलं सापडेल. मीटर पडवीत, पडवीला कुलूप, रीडिंग घेणारा मुलगा गडग्यापासूनच परत जातो. मग कार्यालय सरासरीने बिल लावतं. मे-जूनमध्ये घर उघडं मिळालं, खरं रीडिंग घेतलं गेलं आणि नऊ महिन्यांची वीज एका महिन्याच्या खात्यात पडली. तुमचे ४३६ युनिट त्यातून आले असावेत. बिलं समोर ठेवून पडताळून पाहा.

असं असेल तर दोन दुरुस्त्या मागायच्या. घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने चढतो : १०० युनिटपर्यंत एक, १०१ ते ३०० दुसरा, ३०१ ते ५०० तिसरा. ४३६ युनिट एकाच महिन्याचे धरले तर १०० पहिल्या दराने, २०० दुसऱ्या आणि १३६ तिसऱ्या दराने लागतात. तेच नऊ महिन्यांत विभागले तर महिन्याला साधारण ४८ पडतात, म्हणजे सगळेच्या सगळे पहिल्या टप्प्यात. दुसरं, आठ महिने ३० प्रमाणे २४० युनिटचे पैसे तुम्ही आधीच भरलेत. ते वजा झाले आहेत का ते पाहा. झाले नसतील तर देणं फक्त १९६ युनिटचं उरतं. अर्जात हा हिशोब याच क्रमाने मांडा आणि खाली लिहा : ‘जमा झालेले युनिट प्रत्यक्ष महिन्यांत विभागून, स्लॅबचा फायदा देऊन व आधी भरलेली रक्कम वजा करून बिल दुरुस्त करून मिळावे.’ कार्यालयात हीच भाषा चालते. ‘बिल जास्त आलं आहे’ एवढंच लिहिलेला अर्ज फाईलला लागतो आणि तिथेच राहतो.

अर्जावर बारा अंकी ग्राहक क्रमांक आणि मीटर नंबर घाला. मीटरचा आजचा फोटो जोडा. अर्जाच्या दोन प्रती वीज कंपनीच्या उपविभाग कार्यालयात न्या, एक तिथे द्या आणि दुसरीवर आवक शिक्का, तारीख, सही घ्या. शिक्का द्यायला टाळाटाळ झाली तर त्याच दिवशी पोस्टात जाऊन पोच मिळेल अशा स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती बिलाला टाचून ठेवा. १९१२ वर फोन जरूर करा, तक्रार क्रमांक लिहून घ्या, पण बिलाच्या भांडणात नुसत्या फोनवर थांबू नका.

लाईट तोडण्याबद्दल. वीज कायद्याचं कलम ५६ सांगतं की थकबाकीसाठी वीज तोडायची तर आधी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. त्याच कलमात एक सोय आहे आणि ती फार थोड्यांना ठाऊक असते. बिलाबद्दल वाद असेल तर हरकत नोंदवून पैसे भरता येतात. मागितलेली रक्कम, किंवा आधीच्या सहा महिन्यांत भरलेल्या बिलांची सरासरी, यांतली जी कमी असेल ती भरली की वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. तुमची सरासरी ३० युनिटची आहे. तेवढे पैसे भरा आणि भरताना ‘हरकत नोंदवून भरत आहे, कलम ५६’ असं पत्रात लिहून त्याचीही पोच घ्या. काउंटरवर अपुरी रक्कम घेत नाहीत असं सांगितलं गेलं तर उपविभागीय अभियंत्याला भेटा. कायदा तुमच्या बाजूचा आहे, आवाज चढवायची गरज नाही.

तिथेही दाद लागली नाही तर पुढची पायरी ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाची. हा मंच महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या विनियमांप्रमाणे चालतो. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांसाठी तो रत्नागिरीला आहे. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करायचा. वकील लागत नाही, तुमचं म्हणणं तुम्हीच मांडू शकता. मंचाचा निर्णय पटला नाही तर ६० दिवसांच्या आत मुंबईच्या विद्युत लोकपालांकडे जाता येतं.

दोन वर्षांवर मी मुद्दाम बोट ठेवते. आमच्या टेबलावर एक म्हातारे गृहस्थ आले होते. खताच्या पिशवीत सगळी बिलं, एकही हरवलेलं नाही, तारखेप्रमाणे सुतळीने बांधलेली. कार्यालयातल्या प्रत्येकाने त्यांना ‘पुढच्या महिन्यात या’ सांगितलं होतं आणि ते खरोखर दर महिन्याला जात राहिले होते. लेखी अर्ज एकही नाही. मुदत केव्हाच टळली होती. त्यांची बाजू खरी होती आणि ती ऐकण्याचा रस्ता बंद झाला होता, याचा मला आजही त्रास होतो. तुम्ही गावात आहात तेवढ्यात अर्ज द्या.

आणि निघण्याआधी शेजाऱ्यांकडे पडवीची किल्ली ठेवा. त्यांनी महिन्यातून एकदा मीटरचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला तर डोंबिवलीत बसून वीज कंपनीच्या ॲपवर रीडिंग देता येतं. मीटर बाहेरच्या भिंतीवर घेता आलं तर त्याहून बरं.

प्रश्न : मीटर जोरात पळतंय असा संशय आहे. (वाचक, लांजा)

उत्तर : मीटर तपासणीचा अर्ज करा, तपासणीचं शुल्क भरा आणि तपासणी तुमच्यासमोर करायला सांगा. जागेवर होते तिला सगळे ‘ॲक्यूचेक’ म्हणतात. ती पटली नाही तर मीटर प्रयोगशाळेत पाठवायला सांगता येतं. अहवालाची प्रत मागून घ्या. मीटर सदोष निघालं तर वाद उपस्थित झाला त्या महिन्याच्या मागे जास्तीत जास्त तीन महिन्यांचं बिल दुरुस्त होतं, त्यामुळे संशय आल्यावर वाट बघण्यात तुमचंच नुकसान आहे. त्याआधी घरातले सगळे स्विच बंद करून मीटर थांबतं का, हे तुम्हीच पाहा. तरीही चालू राहिलं तर जुन्या वायरिंगमधून वीज गळत असू शकते. आपल्या दमट हवेत ते नवल नाही, आणि जिवाला धोका त्याचाच जास्त.

प्रश्न : आमच्या वाडीत पावसात न्यूट्रल तुटला आणि पाच घरांतले टीव्ही, फ्रीज जळाले. वायरमन म्हणतो, ‘निसर्गाचा कोप, कोण काय करणार?’ (वाचक, कुडाळ तालुका)

उत्तर : निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० ला आणि त्यानंतर मे २०२१ मध्ये तौक्ते आपण सगळ्यांनीच अनुभवलं. तशा वादळात खांबच झोपले तर सेवेच्या मानकांप्रमाणे मिळणारी भरपाई मागता येत नाही, नियमांतच ती सूट आहे. पण दरवर्षीचा पाऊस म्हणजे वादळ नव्हे. तार कधीची लोंबकळत होती, फांद्या छाटल्या होत्या का, आधी कोणी कळवलं होतं का, यावर सगळं अवलंबून आहे. आधी केलेल्या तक्रारींचे क्रमांक पाचही घरांतून शोधून काढा.

जळालेली वस्तू लगेच भंगारात देऊ नका. दुरुस्ती करणाऱ्याकडून ‘जास्त दाबाने जळाले’ असा लेखी शेरा आणि खर्चाचा अंदाज घ्या. पाच घरांच्या सह्यांचा एकच अर्ज त्याच आठवड्यात उपविभागात द्या. वायरमनने लाईन जोडली ती तारीख आणि वेळ त्यात असू द्या.

भरपाईसाठी जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. रत्नागिरी, सिंधुदुर्गनगरी आणि अलिबाग इथे आयोग आहेत. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार चालते, मुदत दोन वर्षांची, आणि मोबदला, म्हणजे सेवेपोटी तुम्ही भरलेले पैसे, पाच लाखांपर्यंतचा असेल तर फी नाही. त्याआधी १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन वापरून बघा, तिथे मराठीत बोलता येतं. ते कंपनीला कळवतात, पाठपुरावा करतात. हुकूम मात्र देऊ शकत नाहीत, त्यामुळे त्यांच्या उत्तराची वाट पाहण्यात दोन वर्षांची मुदत घालवू नका.

एक इशारा द्यायला हवा. वीजचोरी किंवा अनधिकृत वापराचा ठपका ठेवून बिल आलं असेल, म्हणजे वीज कायद्याचं कलम १३५ किंवा १२६, तर ते ना मंचाकडे चालतं ना ग्राहक आयोगात. १२६ च्या आकारणीवर कलम १२७ खाली अपील असतं आणि त्याला ३० दिवसांचीच मुदत आहे. घरगुती मीटरवर होमस्टे चालवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. किनाऱ्यावर अशी बरीच घरं आहेत.

प्रश्न : आमची वाडी डोंगरउतारावर आहे. गॅसची गाडी डांबरी रस्त्यावर उभी राहते, पाखाडीने सिलिंडर आम्हीच वर आणतो. तरी पावतीपेक्षा जास्त पैसे घेतात. सिलिंडर हलका वाटतो, पण बोलायचं कोणाला? (एक ताई, गुहागर तालुका)

उत्तर : ताई, घरपोच देण्याचा खर्च सिलिंडरच्या किमतीतच धरलेला असतो. पावतीवर छापलेल्या रकमेपेक्षा एक रुपयाही देणं लागत नाही. तुम्ही स्वतः गोदामातून सिलिंडर आणला तर उलट तेवढी रक्कम कमी व्हायला हवी. पाखाडी चढून येणाऱ्या पोराला कोणी खुशीने चहापाणी दिलं तर तो वेगळा विषय. तुमच्याकडे तर तो वर येतही नाही.

वजनाचं असं आहे. सिलिंडरच्या कडीखालच्या पट्टीवर रिकाम्या टाकीचं वजन कोरलेलं असतं, समजा १५.९ किलो. त्यात गॅसचे १४.२ किलो मिळवा, भरलेली टाकी ३०.१ किलो भरायला हवी. गाडीवर वजनकाटा असायलाच हवा आणि तुम्ही मागितलं की तोलून दाखवावं लागतं. मागा. चारचौघींनी एकदम मागितलं तर कोणी हसण्यावारी नेत नाही. त्याच ठिकाणी इंग्रजी ए, बी, सी किंवा डी हे अक्षर आणि वर्षाचे शेवटचे दोन आकडे असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, पुढची अक्षरं पुढच्या तिमाहींची. ती टाकीच्या चाचणीची मुदत असते. मुदत उलटलेली टाकी घेऊच नका, बदलून मागा.

तक्रार आधी एजन्सीत लेखी द्या. मग १८००-२३३३-५५५ या टोल फ्री नंबरवर, तो तिन्ही सरकारी गॅस कंपन्यांसाठी आहे. तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेला अर्जाची प्रत द्या. वजनात खोट असेल तर वैधमापन शास्त्र निरीक्षकाकडे जा, वजन-मापाची कारवाई त्यांच्या हातात असते. एवढ्यानेही हललं नाही तर केंद्र सरकारच्या पीजी पोर्टलवर पेट्रोलियम मंत्रालयाच्या नावे तक्रार नोंदवता येते. नातवंडांकडून करून घ्या, नोंदणी क्रमांक वहीत लिहा. आणि वास आला तर कुठलीही तक्रार नंतर : रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या, विजेच्या बटणाला हात नाही, घराबाहेर येऊन १९०६. तो नंबर दिवसरात्र चालू असतो. स्वयंपाकघराच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवा.

प्रश्न : घरोघरी नवे नळ आले, पण मार्चनंतर चार दिवसांआड पाणी. विहीर खाडीजवळची, तीही तेव्हा मचूळ होते. पावसाळ्यात गढूळ पाणी येतं. पाणीपट्टी मात्र पूर्ण. ग्राहक कोर्टात जाऊ का? (वाचक, देवगड तालुका)

उत्तर : मी तरी आधी तिकडे जा असं सांगणार नाही. गावची योजना ग्रामपंचायत चालवते, आणि तिथे तुमचं वजन आयोगापेक्षा जास्त पडेल.

गढूळ पाण्याची तक्रार टंचाईपासून वेगळी काढा, कारण तिला थांबवून चालत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आरोग्यसेवकाला लेखी कळवा आणि पाण्याचा नमुना तपासणीला पाठवायला सांगा. नळाच्या शेवटच्या टोकाच्या घरातून नमुना घ्यायला सांगा. टाकीजवळचं पाणी बरं असतं, फुटलेल्या पाइपातून माती शिरते ती पुढे. टीसीएल पावडर (पाणी निर्जंतुक करणारी ब्लीचिंग पावडर) कधी टाकली, याची नोंद ग्रामपंचायतीत असते, ती पाहायला मागा.

टंचाईचा अर्ज ग्रामपंचायतीला आणि गावच्या पाणीपुरवठा व स्वच्छता समितीला द्या. जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटरचं माप धरलेलं आहे. अर्जात ते लिहा आणि तुमच्याकडे प्रत्यक्ष किती हंडे, किती दिवसांनी येतात ते तारखांसह लिहा. पाणी कमी का येतं, याचं कारण शोधणं गरजेचं आहे. काही गावांत उद्भवच, म्हणजे योजनेचा पाण्याचा स्रोतच, आटतो. काही ठिकाणी पंपाचं वीजबिल थकलेलं असतं आणि लोकांना ते माहीतच नसतं. नळ जोडले, टाकी अर्धवट, असंही घडतं. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो, उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं. योजनेचं अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिकेची प्रत आणि पंपाची वीजबिलं मागवा. हे कागद हातात घेऊन ग्रामसभेला बसा आणि विषय इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा. विषयपत्रिकेत यावा म्हणून आधीच अर्ज द्या, नाहीतर ‘आयत्या वेळचे विषय’ येईपर्यंत माणसं उठून गेलेली असतात.

ग्रामसभेनंतरही काही झालं नाही तर पंचायत समितीचे गटविकास अधिकारी, ग्रामीण पाणीपुरवठ्याचे उपअभियंता, आणि वर जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी. ‘आपले सरकार’ पोर्टलवरही तक्रार घालता येते. जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, त्याचा अर्ज आगाऊ द्यावा लागतो. नगरपंचायत किंवा नगरपरिषदेच्या हद्दीत राहणाऱ्यांनी यातल्या ग्रामपंचायतीच्या जागी मुख्याधिकारी वाचावं.

बायकांनी ग्रामसभेत बोलावं, ही माझी आग्रहाची विनंती आहे. हंडे कोण वाहतं हे सगळ्या गावाला ठाऊक असतं, आणि इतिवृत्तात नावं मात्र पुरुषांचीच असतात.

प्रश्न : लाईट गेली की मोबाइलची रेंज जाते, ब्रॉडबँड आठवडाभर बंद. ट्रायकडे (दूरसंचार नियामक प्राधिकरणाकडे) लिहू का? (वाचक, मालवण)

उत्तर : ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार निवाड्याला घेत नाही, तिथे पत्र पाठवून दिवस जातात. कंपनीच्या तक्रार केंद्राला फोन करा (मोबाइलसाठी १९८), डॉकेट नंबर घ्या. दिलेल्या मुदतीत काम झालं नाही किंवा उत्तर पटलं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे ३० दिवसांत अपील करा. फी नाही, आणि ३९ दिवसांत निकाल द्यावा लागतो. त्यानंतर पीजी पोर्टलवर दूरसंचार विभाग. शिवाय फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे की दूरसंचार सेवेच्या तक्रारी ग्राहक आयोगात चालतात. कंपनीचं मुख्य कार्यालय दिल्लीला असलं तरी तुम्ही सिंधुदुर्गनगरीलाच तक्रार दाखल करायची.